लाइट गेल्यावरही चालणारं घड्याळ: आरटीसीमधली वीज आणि रजिस्टरं

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या बऱ्याच सोसायट्यांत पाण्याच्या पंपाला टायमर बसवलेला असतो. पहाटे खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी पुन्हा एकदा. पावसाळ्यात लाइट जाते, तासाभराने येते, आणि टायमरच्या डिस्प्लेवर ००:०० लुकलुकत असतं. मग पंप भलत्या वेळी चालू होतो आणि सकाळी वरच्या मजल्यावर नळाला पाणी नसतं. इलेक्ट्रिशियन येतो, बॉक्स उघडतो, आतला बटण सेल बदलून जातो. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा ००:००.

आमच्या बिल्डिंगमधला असा एक टायमर मी उघडून बघितला होता. सेल मोजला तर तीन व्होल्टच्या वर. होल्डर घट्ट, घड्याळाला ठोका देणाऱ्या क्रिस्टलचं सोल्डरिंगही ठीक. मग बोर्डाचा सप्लाय चालू ठेवून फक्त रीसेटचं बटण दाबलं, आणि घड्याळ शून्यावर आलं. उत्तर तिथेच मिळालं, कारण टायमरच्या बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलर चिपमधलं घड्याळ रीसेटच्या बटणाला दाद देत नाही. तरीही ते शून्यावर येत असेल तर कुणीतरी ते शून्यावर नेऊन ठेवतंय, आणि ते काम प्रोग्रामशिवाय दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही. प्रोग्राम सुरू झाला की घड्याळ आधीपासून चालू आहे का हे न बघता वेळ नव्याने लिहीत होता. डझनभर सेल बदलले असते तरी फरक पडला नसता.

हा दोष सर्रास आढळतो. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी क्यूबएमएक्स हे सॉफ्टवेअर जो तयार कोड काढून देतं, त्यात हे घड्याळ, म्हणजे आरटीसी, सुरू करणाऱ्या फंक्शनमध्येच वेळ आणि तारीख लिहिणाऱ्या ओळी येतात. त्या ओळींच्या आधी तपासणीचा कोड घालायला जागा सोडलेली असते. ती भरायचं काम आपलं. ती रिकामी राहिली की बोर्ड दर वेळी नव्याने मध्यरात्र सुरू करतो.

आरटीसी म्हणजे रिअल टाइम क्लॉक, चिपच्या आत बसवलेलं वेळ-तारखेचं घड्याळ. त्याची रजिस्टरं, म्हणजे प्रोग्राम ज्यांत लिहून-वाचून त्याला चालवतो त्या छोट्या मेमरी-जागा, विद्यार्थ्यांना विक्षिप्त वाटतात. लिहिण्याआधी कुलूप उघडा, मग अमुक बिटची वाट बघा, वेळ वाचली की तारीखही वाचा. मॅन्युअलमध्ये हे सगळं पायरी-पायरीने दिलेलं असतं आणि मुलं ते मंत्रासारखं पाठ करतात. माझं म्हणणं असं की पाठ करायची गरजच नाही. यातला जवळजवळ प्रत्येक नियम एकाच गोष्टीतून निघतो: हे घड्याळ बाकीच्या चिपपेक्षा वेगळ्या विजेवर आणि वेगळ्या ठोक्यावर चालतं. इथे एसटीएम३२ समोर ठेवतो, कारण कॉलेजच्या प्रोजेक्टपासून रबाळे-महापेच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत ती सगळीकडे दिसते. इतर कंपन्यांच्या चिपमध्ये रजिस्टरांची नावं बदलतात, विचार तोच राहतो.

आधी वीज बघू. चिपला मुख्य सप्लाय मिळतो व्हीडीडी पिनवर, साधारण ३.३ व्होल्ट. त्याशिवाय व्हीबॅट नावाची आणखी एक पिन असते, तिथे सेल जोडायचा. चिपच्या आत एक छोटा भाग या दोन्हींवर चालू शकतो, त्याला बॅकअप डोमेन म्हणतात. त्यात असतं काय? आरटीसी, त्याच्या क्रिस्टलला हलतं ठेवणारं सर्किट म्हणजे ऑसिलेटर, बॅकअप रजिस्टरं नावाची थोडीशी मेमरी, आणि या सगळ्यावर नियंत्रण ठेवणारं बीडीसीआर हे रजिस्टर. व्हीडीडी आहे तोवर हा भाग त्याच्यावर चालतो. व्हीडीडी पडला की आतला स्विच आपोआप सेलकडे वळतो. प्रोसेसर, रॅम, पोर्ट हे सगळं तेव्हा मेलेलं असतं. फक्त हा कोपरा जागा राहतो.

तो किती खातो, हे कळलं की मजा वाटते. एसटीएम३२एफ१०३ च्या डेटाशीटनुसार ३.३ व्होल्टवर, साधारण तापमानाला, क्रिस्टल आणि आरटीसी मिळून १.४ मायक्रोअँपिअर. सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. भागाकार केला तर सतरा वर्षांहून जास्त येतात. प्रत्यक्षात तेवढा काळ सेल स्वतःच टिकत नाही, तो नुसता पडूनही हळूहळू उतरतो. पण म्हणूनच, बोर्ड एरवी लाइटवर चालत असेल आणि तरी सेल वर्षभरात बसत असेल, तर आरटीसीला दोष देऊ नका. वीज दुसरीकडून कुठून तरी गळते आहे.

या स्विचची एक खूण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. ब्लू पिल नावाचा स्वस्त बोर्ड ज्यांनी वापरला आहे त्यांना माहीत असेल, त्यावरचा एलईडी पिनवर शून्य लिहिलं की पेटतो आणि एक लिहिलं की विझतो. तो एलईडी पीसी१३ पिनवर आहे. पीसी१३, पीसी१४ आणि पीसी१५ या तीन पिनांना वीज याच आतल्या स्विचमधून मिळते. त्या स्विचची ताकद ३ मिलिअँपिअरपर्यंतचीच, त्यामुळे या पिनांतून करंट बाहेर काढून एलईडी पेटवू नये असं डेटाशीट बजावतं. म्हणून एलईडीचं दुसरं टोक ३.३ व्होल्टकडे जोडलेलं असतं आणि पिन फक्त ते खाली ओढते.

सेल जोडताना एक काळजी घ्यायची. लाइट येते त्या क्षणी व्हीडीडी झपाट्याने चढला आणि सेलपेक्षा ०.६ व्होल्टने वर गेला, तर आतल्या एका डायोडमधून थोडा करंट उलटा सेलकडे जाऊ शकतो. सीआर२०३२ हा चार्ज करायचा सेल नाही. म्हणून सेल आणि व्हीबॅट यांच्यामध्ये कमी ड्रॉपचा डायोड टाकावा. सेल लावायचाच नसेल तर व्हीबॅट मोकळी सोडू नका, व्हीडीडीला जोडा आणि जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या. याच संदर्भात मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळणाऱ्या डीएस३२३१ या वेगळ्या घड्याळ-चिपच्या निळ्या मॉड्यूलबद्दल सांगायलाच हवं. त्यावर सेल चार्ज करणारा डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो, तो एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. लोक त्यात साधा सीआर२०३२ बसवतात आणि मॉड्यूलला ५ व्होल्ट देतात. सेल फुगतो. तो रेझिस्टर काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

आता ठोका. आरटीसीचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा असतो. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक ठोका. याच कुटुंबातल्या एसटीएम३२एफ४ मध्ये हा भागाकार दोन टप्प्यांत होतो, आधी १२८ ने, मग २५६ ने. दोन टप्पे कशाला? पहिला टप्पा साधा, काटकसरीचा. तो वेग खाली आणतो, त्यामुळे त्याच्या पुढची सर्किटं सेकंदाला फक्त २५६ वेळा हलतात. ठोका जितका संथ, तितकी वीज कमी. म्हणून मॅन्युअल सांगतं की पहिला, म्हणजे असिंक्रोनस, भागाकार शक्य तेवढा मोठा ठेवा. दुसऱ्या टप्प्यातला आकडा मोठा घेतला तर सेकंदाचे अधिक बारीक तुकडे वाचता येतात, पण त्याची किंमत सेल मोजतो.

क्रिस्टल सुरू व्हायलाही वेळ लागतो, दोन-तीन सेकंदसुद्धा. चिप मेगाहर्ट्झमध्ये पळत असते, तिच्या हिशेबाने हे युग झालं. म्हणून बीडीसीआरमध्ये क्रिस्टल चालू करणारा एलएसईऑन बिट लावल्यावर तो तयार झाल्याचं सांगणाऱ्या एलएसईआरडीवाय बिटची वाट बघावी लागते. पुष्कळ प्रोग्राम इथे घाई करतात, कंटाळून आतल्या, क्रिस्टलशिवाय चालणाऱ्या ढोबळ आरसी ऑसिलेटरवर जातात आणि मग घड्याळ दिवसाला मिनिटांनी चुकतं. क्रिस्टल विकत घेताना त्याच्या लोड कपॅसिटन्सकडेही, म्हणजे त्याला किती कपॅसिटन्सचा भार लागतो याकडेही, बघा. दुकानात बहुधा १२.५ पिकोफॅरडचा हातात देतात. एफ१०३ ची डेटाशीट स्पष्ट सांगते की ७ किंवा त्याहून कमी घ्या, १२.५ चा कधीच वापरू नका. या ऑसिलेटरला मुद्दाम अशक्त ठेवलेलं आहे, सेल वाचावा म्हणून. जड क्रिस्टल त्याच्याने हलत नाही.

रजिस्टरांची कुलपं इथूनच समजतात. लाइट जाते तेव्हा प्रोसेसरला पुरता सप्लाय नसतो, त्या शेवटच्या काही क्षणांत तो काहीही करू शकतो, कुठेही काहीही लिहू शकतो. बाकी रॅममधला कचरा लाइट गेल्यावर पुसला जातो. आरटीसीत पडलेला कचरा मात्र सेलवर वर्षानुवर्षं जपला जाईल. म्हणून दोन कुलपं, बँकेच्या लॉकरसारखी: आधी बँकेची किल्ली, मग आपली. बँकेची किल्ली म्हणजे पॉवर कंट्रोलच्या रजिस्टरमधला डीबीपी बिट. तो लावल्याशिवाय बॅकअप डोमेनमध्ये काहीच लिहिता येत नाही, आणि प्रत्येक रीसेटनंतर तो आपोआप बंद होतो. डीबीपीला हात लावायच्या आधी पॉवर ब्लॉकचा क्लॉक चालू करावा लागतो, नाहीतर लिहिलेलं वाऱ्यावर जातं आणि चिप तक्रारही करत नाही. आपली किल्ली म्हणजे आरटीसीचं डब्ल्यूपीआर रजिस्टर: त्यात हेक्समध्ये सीए आणि लगेच ५३ लिहायचं. भलतंच काही लिहिलं की कुलूप पुन्हा लागतं. भरकटलेला प्रोसेसर हे दोन आकडे नेमक्या क्रमाने लिहील ही शक्यता नगण्य.

कुलपं उघडली तरी घड्याळ चालू असताना त्याचे काटे फिरवता येत नाहीत. इनिट बिट लावायचा, मग इनिटएफ बिट वर येईपर्यंत थांबायचं. क्रिस्टलचे साधारण दोन ठोके लागतात, म्हणजे साठेक मायक्रोसेकंद. घड्याळ थांबलं की वेळ आणि तारीख लिहायची, इनिट काढायचा, घड्याळ पुन्हा चालू. भागाकाराचे आकडे लिहिताना पीआरईआर रजिस्टरमध्ये दोनदा वेगवेगळं लिहावं लागतं, आधी सिंक्रोनस, मग असिंक्रोनस. आणि घड्याळाचा स्रोत निवडणारा आरटीसीसेल एकदा ठरला की बदलत नाही. बदलायचाच असेल तर बीडीआरएसटी बिटने अख्खा बॅकअप डोमेन पुसावा लागतो, वेळेसकट. म्हणून हा बिट 'खात्रीसाठी' म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला टाकण्याची जी सवय काही जणांना असते, ती सोडली पाहिजे.

मग प्रोग्रामने सुरुवातीला करायचं काय? पॉवर ब्लॉकचा क्लॉक, डीबीपी, आणि मग विचारायचं: घड्याळ आधीच लावलेलं आहे का? यासाठी बॅकअप रजिस्टरं कामाला येतात. एसटीएम३२एफ४०७ मध्ये ३२ बिटांची अशी २० असतात, म्हणजे ८० बाइट. वेळ पहिल्यांदा लावताना त्यातल्या एकात आपल्या पसंतीचा एखादा आकडा लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी तो आकडा जागेवर असेल तर वेळेला हात लावायचा नाही. नसेल तर सेल मध्यंतरी गेला होता, वेळ नव्याने घ्यायला हवी. आकडा आणि घड्याळ एकाच विजेवर जगतात, म्हणून एकाची साक्ष दुसऱ्याला लागू पडते. हीच खूण फ्लॅशमध्ये, म्हणजे विजेशिवाय टिकणाऱ्या मेमरीत, ठेवली तर ती कधीच पुसली जाणार नाही, आणि सेल संपल्यावर खोटी साक्ष देईल. एफ४ मध्ये इनिटएस नावाचा बिटही आहे, वर्षाचा रकाना शून्य नसेल तर तो वर असतो. मला बॅकअप रजिस्टर जास्त पटतं, कारण तिथे आपण काय लिहिलं ते आपल्याला माहीत असतं.

आता वाचण्याकडे. घड्याळ त्याच्या संथ ठोक्यावर, प्रोसेसर त्याच्या वेगवान ठोक्यावर. आकडा बदलत असतानाच प्रोसेसरने वाचला तर अर्धा जुना, अर्धा नवा मिळेल. ते टाळायला मधे शॅडो रजिस्टरं ठेवलेली आहेत. खऱ्या घड्याळाची प्रत दर दोन ठोक्यांनी त्यांत उतरते आणि आपण प्रत वाचतो. समजा ३१ डिसेंबरच्या रात्री २३:५९:५९ वाजता तुम्ही वेळ वाचली आणि तारीख वाचेपर्यंत मध्यरात्र उलटली. हाती येईल १ जानेवारी, २३:५९:५९. जवळजवळ एका दिवसाची चूक. म्हणून टीआर, म्हणजे वेळेचं रजिस्टर, वाचलं की चिप तारखेची प्रत गोठवून ठेवते, आणि डीआर, म्हणजे तारखेचं, वाचेपर्यंत ती सोडत नाही. तारीख नको असली तरी डीआर वाचायचंच. नाही वाचलं तर 'तारीख पुढे सरकतच नाही' म्हणून माणूस दिवसभर डोकं धरून बसतो.

टीआरमधला आकडा बीसीडीमध्ये असतो, म्हणजे दशक आणि एकक वेगवेगळे ठेवलेले. संध्याकाळचे १८:४५:३७ असतील तर डिबगरमध्ये हेक्स १८४५३७ दिसतं, डोळ्यांनी सरळ वाचता येतं. तोच आकडा साधा समजून बेरीज-वजाबाकी केली की घोटाळा. ४५ चे हेक्स आकडे दशमानात ६९ होतात.

जुन्या एफ१०३ ची गोष्ट निराळी. त्यात कॅलेंडर नाहीच, फक्त सेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर आहे, १३६ वर्षांनी भरणारा. एचएएल ही एसटीएम३२ साठीची तयार कोडची लायब्ररी त्यातून वेळ काढते, पण तारीख रॅममध्ये ठेवते. त्यामुळे लाइट गेली की वेळ टिकते आणि तारीख जाते. ब्लू पिलवर हा अनुभव घेतलेले खूप जण सेलला शिव्या घालतात. उपाय सोपा आहे: एखाद्या ठरलेल्या दिवसापासूनचे सेकंद त्या काउंटरमध्ये ठेवा आणि तारखेचं गणित स्वतः करा.

सेलवरच चालणारं उपकरण असेल, समजा टाकीची पातळी दर पंधरा मिनिटांनी पाठवणारं, तर चिपला झोपवावं लागतं आणि उठवायचं काम आरटीसीकडे येतं. स्टॉप मोडमध्ये रॅम टिकते. स्टँडबायमध्ये रॅमही जाते आणि उठल्यावर प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. एफ१०३ स्टॉपमध्ये पंधरा-वीस मायक्रोअँपिअरच्या आसपास खातो, स्टँडबायमध्ये दोनेक. एफ४ मधला वेकअप टायमर १६ बिटांचा आहे. त्याला क्रिस्टलचा सोळावा भाग दिला तर तो जास्तीत जास्त ३२ सेकंद मोजतो, एक हर्ट्झ दिला तर १८ तास. पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद, काउंटरमध्ये ८९९ लिहायचं, पण आधी टायमर बंद करून, आता लिहिता येईल असं सांगणाऱ्या डब्ल्यूयूटीडब्ल्यूएफ बिटची वाट बघायची, कारण तेच: तो संथ ठोक्याच्या राज्यात राहतो.

झोपेच्या भागात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. झोपेत शॅडोमध्ये नवी प्रत उतरत नाही, म्हणून उठल्या उठल्या वेळ वाचली तर झोपण्याआधीची मिळते. नवी प्रत उतरल्याचं सांगणारा आरएसएफ बिट पुसायचा, तो पुन्हा वर येईपर्यंत थांबायचं, मग वाचायचं. दुसरं, झोपण्याआधी जुने निरोप पुसायचे: आरटीसीचा इंटरप्ट (प्रोसेसरला मारायची हाक) बंद, आरटीसीचा फ्लॅग (हाक मारल्याची खूण) साफ, पॉवर ब्लॉकचा वेकअप फ्लॅग साफ, इंटरप्ट पुन्हा चालू, मग झोप. हा क्रम चुकला तर चिप एकदा उठते, पुन्हा झोपते आणि नंतर उठतच नाही. टेबलावर हे चटकन दिसत नाही, गच्चीवर बॉक्स लावून आठवडा झाल्यावर दिसतं.

गच्चीवरूनच अचूकतेचा मुद्दा येतो. २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत २० भाग चुकणारा, क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद चुकू शकतो, महिन्याला ५० सेकंद. पण हा आकडा २५ अंशांचा. तापमान २५ पासून कोणत्याही बाजूला सरकलं की क्रिस्टल मागेच पडतो, आणि फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, साधारण ०.०३४ पीपीएम दर वर्ग अंशाला. मे महिन्यात नवी मुंबईच्या गच्चीवरचा पत्र्याचा बॉक्स आतून ६० अंशांवर गेला तर फरक ३५ अंशांचा, म्हणजे सुमारे ४२ पीपीएम, दिवसभर तसाच राहिला तर साडेतीन सेकंद. एफ४ च्या सीएएलआर रजिस्टरने हे भरून काढता येतं. त्यात ३२ सेकंदांच्या खिडकीत ठोके घालता किंवा वगळता येतात, एक ठोका ०.९५४ पीपीएमचा. घड्याळ २० पीपीएम मागे पडत असेल तर २१ ठोके जास्त हवेत. सीएएलपी बिट ५१२ घालतो, सीएएलएममध्ये लिहिलेले ४९१ वगळले जातात, उरले २१. एफ१०३ मध्ये घड्याळ फक्त मंद करता येतं, वेगवान नाही. तापमानाने मागे पडणाऱ्या घड्याळाला एकट्या त्याचा उपयोग नाही. इतकी अचूकता खरंच हवी असेल तर तापमान स्वतः मोजून दुरुस्ती करणारी डीएस३२३१ बाहेरून लावावी, ० ते ४० अंशांत ती २ पीपीएममध्ये राहते.

आणि आपली हवा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमटपणात क्रिस्टलच्या पायांशी सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स ओला होतो आणि त्यातून मेगाओहममधली गळती सुरू होते. एवढ्या अशक्त ऑसिलेटरला ती पुरते. घड्याळ जुलैत बंद पडतं, नोव्हेंबरात आपोआप चालू होतं. तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, वाळवून, वर कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे दमटपणा अडवणाऱ्या लेपाचा, हात दिला की हा त्रास जातो.

बोर्ड तयार झाला की तपासायचं असं. सेल आणि व्हीबॅट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा, मुख्य सप्लाय काढा आणि मल्टिमीटरने रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा. १.४ मायक्रोअँपिअरला १४ मिलिव्होल्ट दिसतील. १० ते २० च्या दरम्यान असेल तर ठीक. शून्य असेल तर क्रिस्टल किंवा डायोड बघा. शंभरच्या वर गेलं तर पीसी१३ ते पीसी१५ वर काय जोडलंय ते तपासा, मग बोर्ड धुवा. त्यानंतर सप्लाय जोडून वेळ लावा, रीसेट दाबा, मग सप्लाय काढून रात्रभर ठेवा. रीसेटनंतर वेळ गेली तर दोष प्रोग्रामचा. रीसेटला टिकली आणि सकाळी गेली तर दोष सेलच्या वाटेवर आहे.